पायातला जीव

सकाळी माझ्याआधी माझ्या पायांना जाग येते. गुडघे ताठ होतात, टाचा वर खेचल्या जातात, बोटं तळव्याकडे वळतात आणि दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून बसतात. आसनगावला गाडी पकडायला जाण्याआधी धाकटा भाऊ माझा एकेक पाय खांद्यावर घेऊन सावकाश ताणतो आणि गुडघ्यांच्या मध्ये तांदळाची पिशवी सारतो. घाई केली की पाय हट्टालाच पेटतात. लघवी तुंबली, थंडी वाजली, लेंग्याची नाडी जरा आवळली, तरी ते बिथरतात. घरात माझ्यापेक्षा माझ्या पायांचाच मानपान जास्त.

भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, ऐनाच्या फांद्या तोडताना मी झाडावरून पडलो आणि कणा दुखावला. सुरुवातीला पाय ओल्या फडक्यासारखे लुळे होते. दवाखान्यातून घरी आणल्यावर एके दुपारी आई तेल चोळत होती, तेव्हा उजवा पाय खाडकन सरळ झाला आणि तेलाची वाटी पार चुलीपाशी जाऊन पडली.

"जीव आला! पोराच्या पायात जीव आला गो!" आई ओरडत अंगणात गेली. शेजारणी जमल्या, गूळ वाटला गेला. मी पण रडलो. आमच्याकडे बसलेला बैल उठणार की नाही, हे तो पाय झाडतो का यावरून ठरवतात. पाय झाडला की जनावर वाचलं. मी त्याच गावात वाढलो, मला तरी दुसरं काय वाटणार?

त्याच संध्याकाळी आई गावदेवीला बोलली की पोर माझ्यासमोर चालेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

पुढे शहापूरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. कण्याला मार लागल्यामुळे मेंदूचा निरोप खाली पोचत नाही, म्हणून स्नायू आपल्या मनाने आवळतात. हा जोर नाही, आखडणं आहे. त्यांनी अंग सैल करायची गोळी दिली आणि ती एकदम सोडू नका असं बजावलं. आईने सगळं ऐकून घेतलं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "डाक्टरला काय म्हाईत? त्यानं बैल पाळलाय का कदी?"

तेव्हापासून पायाला झटका आला की तिचं ठरलेलं वाक्य येई, "येतोय बग जीव." मी वैतागायचो. पण ते वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस जात नसे, हेही खरंच.

अनवाणी तिने किती उन्हाळे काढले. शेणव्याच्या बाजाराला जायची ती तापलेल्या डांबरावरून. मग तिला साखर निघाली, आणि टाचेत काटा मोडला तो भरेचना. जखम पाहून डॉक्टर म्हणाले की चपलेशिवाय बाहेर पाऊल टाकलंत तर पाय कापायची वेळ येईल. भावाने मऊ चपला आणल्या. तिने त्या पिशवीसकट माळ्यावर टाकल्या.

"देवीला बोललेय मी. तिला काय तोंड दाखवू?"

माझे पाय तर गेलेच होते. माझ्या पायांपायी तिचा जाणार, या विचाराने मला जेवण जाईना. मग मी ठरवलं की चालायचं. जोर नव्हता, पण ताठा तर होता. आदल्या दिवसापासून गोळी घेतली नाही. सकाळी पाय लाकडासारखे झाले, पोटापर्यंत कळा येत होत्या. भावाने कमरेला पंचा बांधून मागून उचललं आणि मी खरोखर उभा राहिलो. त्या ताठ खुंटांवर, भिंत धरून, बोटं जमिनीवर घासत मी ओटीपर्यंत गेलो.

आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. माझ्या तोंडाकडे तिने पाहिलंच नाही. ती अधांतरी राहिलेल्या माझ्या टाचांकडे बघत राहिली.

"बघ, चाललो," मी म्हणालो. "आता घाल चप्पल."

भावाने मला खुर्चीत बसवलं. आई माळ्यावरून चपलांची पिशवी घेऊन आली आणि आधी माझ्यापुढे बसली. माझा पाय मांडीवर घेऊन ती चप्पल चढवू लागली. बोटं आत वळलेली, पट्ट्यात शिरेनात. तिने एकेक बोट उलगडलं. हात काढला की ते पुन्हा मिटायचं. असं ती बराच वेळ करत राहिली. पाय थडथडत होता.

"गोळी घेतली नायस ना?" ती म्हणाली. "पायावरून कळतं मला."

तिने माझा पाय खाली ठेवला, चप्पल पुसली आणि पट्टी बांधलेल्या आपल्या पायात सरकवली. मग दुसरी.

"झालं. घातली. आता घे गोळी."

तिची जखम आता भरत आलीये. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण तसं वाटत नाही. पायाला अजून झटके येतात. आई चपला फटफटवत येते, तांदळाची पिशवी गुडघ्यावर ठेवते, हाताने दाबून धरते आणि ते ठरलेलं वाक्य न म्हणताच निघून जाते.