पहिला तांब्या आपल्या पायावर

आमच्या कळव्याच्या बिल्डिंगमध्ये जन्मलेल्या प्रत्येक पोराने आयुष्यातली पहिली शिवी बायजाकाकीच्या तोंडून ऐकलेली आहे. "रड मेल्या, रड, आवाज मोकला व्हतो," म्हणत ती तांब्या उपडा करायची आणि पोर बेंबीच्या देठापासून ओरडायचं. माझी दोन्ही मुलं तिनेच न्हाऊ घातली. आज ती दोघं मिशा आणि आयब्रो यांच्या काळजीत असतात, पण जिन्यात काकी दिसली की आपोआप बाजूला होतात.

ही बिल्डिंग उभी आहे ती काकीच्या सासऱ्याच्या भातशेतीवर. म्हणजे तसं पाहिलं तर ती आमची मालकीण. पण मालकिणीचा तोरा तिला कधी जमला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टाइल्स, फॉल सिलिंग, सगळं होतं, आणि ही बाई गुडघ्यापर्यंत लुगडं खोचून, तेलाची बाटली पदरात घेऊन कुणाकुणाच्या बाळंतिणीकडे निघालेली असायची. कळव्यात तर जायचीच, बोलावलं तर लोकलने दिव्यालाही जायची. तिथे चाळीत पाण्याची बोंब, तर अर्ध्या बादलीत पोर स्वच्छ करून उरलेल्या पाण्यात त्याची लंगोटीही धुऊन द्यायची. पैसे घ्यायची नाही. साडी दिली तर घ्यायची आणि तिच्या रंगाला नावं ठेवायची.

तिची पद्धत सगळ्या जुन्या बायकांची असते तीच. मोरीत पाट, पाटावर बसून दोन्ही पाय समोर लांब, आणि त्या पायांच्या नळ्यांवर बाळ पालथं. आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग पाणी. पण पाण्याच्या बाबतीत तिचा एक नियम होता, तो तिला तिच्या आईने घालून दिलेला. पहिला तांब्या बाळावर नाही, आपल्या पायावर. कढत पाण्यात विसण किती घालायचं ते हात सांगत नाही, हाताला तेल असतं आणि कामाने हात निबर झालेले असतात. नळीची कातडी खरं बोलते. तिला सोसलं तरच ते बाळाला. हे ती प्रत्येक बाळंतिणीला सांगायची आणि वर म्हणायची, "तुमचे ते थर्मामीटरला पोर झालंय काय कधी?"

तिची कंबर मात्र आम्ही या घरात राहायला आलो तेव्हापासून दुखतच होती. मुलगी असताना खाडीकडच्या मिठागरात मिठाच्या टोपल्या डोक्यावरून वाहिल्या, मग शेत, मग हे वाकणं. आधी ती पाटावरून एका हाताने उठायची. मग नळ धरून उठायला लागली. शेवटी शेवटी तिचा मुलगा कमलेश दोन्ही काखांत हात घालून तिला उभी करायचा आणि ती त्याला शिव्या देत उभी राहायची. मी शाळेत शिकवते, त्यामुळे आपल्याला कुणालाही काहीही समजावून सांगता येतं असा माझा गैरसमज आहे. काकीला मी डॉक्टरकडे चला म्हणून किती वेळा सांगितलं असेल. तिचं उत्तर ठरलेलं. "त्यो खाली बसू नको म्हनंल. मंग?"

या 'मंग' मागे काय होतं ते सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. कमलेशच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. गावभरची पोरं न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या स्वतःच्या मोरीत पाट कोरडा. ती सून कृतिकाला याबद्दल कधी एक शब्दही बोललेली मी ऐकली नाही, आणि ही बाई बोलायला कुणाला भीत होती अशातला भाग नाही. फक्त दुसऱ्याचं बाळ न्हाऊ घालून आली की त्या दिवशी जेवण थोडं कमी जायचं. मला कृतिकानेच सांगितलं होतं.

आणि मग कृतिकाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, पण कृतिकाच्या आंबिवलीच्या माहेरी आई नव्हती. ती लहान असतानाच गेलेली. कोण करणार, असा प्रश्न कमलेशने जेवताना काढला तर काकीने हातातला घास खाली ठेवला. "मी मेले काय?" म्हणाली. विषय संपला.

मुलगा झाला. कागदावर नाव अद्वय. काकीने ते एकदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. ती त्याला राघो म्हणायची, तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव. "त्याला मी जनमभर थंड पान्यानं अंगोल करायला लावली," असं ती हसत सांगायची. "आता सगला गरम पानी याला."

कृतिकाचं सिझर झालेलं, तिची स्वतःची पाठही धरलेली. पोरगी हुशार. तिने बाळाच्या अंघोळीचा टब मागवला, जेवणाच्या टेबलावर रबराची चटई टाकून त्यावर तो ठेवला, समोर पाठीला टेका असलेली खुर्ची मांडली. टबाची कड बरोबर कोपराच्या उंचीला. वाकणं नाही, उठणं नाही. "आई, तुम्ही खुर्चीत बसा. मी पाणी देते, तुम्ही धुवा. तुमच्या कमरेला बरं पडेल." मी तिथेच चहा पीत होते. मला ते इतकं शहाणपणाचं वाटलं की मी ताबडतोब दुजोरा दिला.

काकीने टबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "जेवायचे टेबलावर पोर न्हानवतान? आनि पाय कुटं लावू मी त्याला?"

पाय कुठे लावू. तेव्हा मी हसले होते. नंतर मला कळलं की तिच्या दृष्टीने अंघोळ म्हणजे पाणी नव्हेच. पोर आपल्या पायांवर घेणं म्हणजे अंघोळ. त्यासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, आणि कंबर मोडली तरी ती ते टबाला देणार नव्हती.

तो टब मग कांदे-बटाटे ठेवायला गेला. पाट मोरीत आला. सकाळी कमलेश आईला खाली बसवायचा, ऑफिसला उशीर झाला तरी थांबायचा, आणि अंघोळ झाली की उचलायचा. बसताना काकीचा चेहरा वेदनेने पांढरा पडायचा आणि बाळ पायावर आलं की पूर्ववत व्हायचा. तेवढा वेळ तिला काही दुखत नसावं. मी तिला इतकी सुखी कधीच पाहिली नाही, आणि पुढे जे झालं त्यानंतरही मी हे खोडणार नाही.

आता मागे वळून पाहिलं की सगळं दिसतं. जिन्यात तिच्या एका पायातली चप्पल मागे राहायची आणि ती तशीच चालत यायची. दाखवलं की म्हणायची, "मिठागरातले पाय हायत गो, मेलेले." एकदा माझ्या घरी तिच्या पायाच्या बोटावर पाटा घसरला, माझा जीव खालीवर झाला आणि ही बाई बोलतच राहिली. तेव्हाही तेच, मिठागरातले पाय. मिठाने तळवे जन्मभराचे निबर होतात हे या गावात सगळे लहानपणापासून ऐकत आलेले. काकीचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता. मिठाने तळवा मरत असेल, नळी मरत नाही, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. बाळ अंघोळीहून अलीकडे जास्तच लालबुंद होऊन येतं, हेही सगळ्यांनी पाहिलं आणि 'अंग कसं शेकून निघालंय' म्हणून कौतुक केलं.

विसण रोज कृतिका घालायची, काकीची नळी सांगेल तेवढं. त्या दिवशी तिने गिझरची बादली मोरीत ठेवली आणि विसण घालायच्या आधी पंचा आणायला आत गेली. पंचा दोरीवर होता, ओला. ती कपाटातून दुसरा काढत होती. काकीने नेहमीसारखा पहिला तांब्या भरला आणि आपल्या नळीवर ओतला. थांबली. नळीने सांगितलं, कोमट आहे. दुसरा तांब्या तिने बाळाच्या पाठीवर ओतला.

बाळ न्हाताना रडतंच. पण ते रडणं वेगळं होतं, मला माझ्या स्वयंपाकघरात कळलं. मी धावत गेले तेव्हा कृतिकाने बाळ उचलून घेतलं होतं आणि त्याच्यावर थंड पाणी ओतत होती. काकी पाटावर पाय लांब करून तशीच बसलेली. तिला उठता येत नव्हतं. "काय झाला? काय झाला त्याला?" एवढंच विचारत होती, आणि तिला उत्तर द्यायला कुणाला वेळ नव्हता.

दवाखान्यात बाळाला आत नेलं. पाठ आणि कुल्ले भाजले होते, पण खोल नाही, मुलाच्या जिवाला धोका नाही, असं डॉक्टर येऊन सांगून गेले. तोपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर. कमलेश ऑफिसमधून धावत आला आणि आईवर ओरडला. जे नको ते सगळं बोलला. "तुला नव्हतं जमत तर कशाला बसलीस? किती वेळा सांगितलेलं!" कृतिका मात्र एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं काकी मला पुढे कितीदा तरी म्हणाली.

बाळाला तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन विचारलं, "पाणी कोणी बघितलं होतं?"

"मी," काकी म्हणाली. "माजे पायावर वतून बगितला. कोंबट होता."

बाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि उजव्या नळीवर तळहाताएवढा फोड आलेला. पाण्याने टच्च भरलेला. आम्ही मघापासून तिच्या शेजारी बसलो होतो आणि कुणीच पाहिला नव्हता.

"आजी, हे दुखत नाही?"

काकीने खाली वाकून तो फोड पाहिला. कुणा दुसऱ्याचा पाय पाहावा तसा. तिने त्याला बोट लावलं, दाबलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. त्या बाईंनी नंतर तपासण्या करून समजावून सांगितलं, कमरेत नस दाबली गेली आहे, फार दिवसांची आहे, आता पायात परत जाणीव येईल असं वाटत नाही. पण ते सगळं कमलेशसाठी. काकी तेव्हा पदर तोंडात धरून रडत होती, आणि मी तिचा हात धरून बसले होते आणि मला तिचा, त्या पाटाचा आणि तिच्या आईने घालून दिलेल्या नियमाचा भयंकर राग येत होता. सगळ्यात जास्त राग याचा की नियम चुकीचा नव्हता.

बाळ बरं झालं. पाठीवर फिकट डाग राहिलेत, ते वाढीबरोबर जातील म्हणतात. टब कांद्यांतून निघून परत टेबलावर आला. कृतिकाने खुर्च्याही मांडल्या, एक टबासमोर आपल्यासाठी, आणि ती टेक्याची बाजूला. बाजूची काकीची. "आई, या. नुसतं पाणी ओता. पाणी मी बघितलंय." रोज म्हणायची. त्या खुर्चीत बसून, कमरेला जराही त्रास न होता, काकीला नातवाला अगदी आरामात न्हाऊ घालता आलं असतं. पहिल्या दिवसापासूनच आलं असतं. ती दारापर्यंत यायची, बाळाला बघायची, आणि म्हणायची, "नको गो. तूच कर." कृतिका आग्रह करून करून दमली. कमलेशने माफी मागितली, पाय धरले. काकीने ते पायही त्याच्या हातातून मागे ओढून घेतले.

मग हळूहळू कुणी म्हणेनासं झालं. दुसऱ्यांची बोलावणीही बंद झाली. काकीने स्वतःच तेलाची बाटली मला देऊन टाकली, माझ्या गुडघ्यांना म्हणून.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ती बाल्कनीत खुर्चीवर, पाय समोरच्या स्टुलावर लांब केलेले, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून. अद्वय आता चालतो आणि घरभर नासधूस करतो. आत त्याची अंघोळ चालली होती. कृतिका पाणी ओतण्याआधी दर वेळी त्याच्या हातावर थोडं टाकते आणि विचारते, "गरम?" तो म्हणतो, "बलंय." मगच ओतते. दोघांचा खेळच झालाय तो.

काकी मला तिच्या दिव्याच्या कुठल्याशा बाळंतिणीची जुनी गोष्ट सांगत होती. तेवढ्यात पोरगं आईच्या हातून सुटून नागडंच बाल्कनीत आलं. हातात लाल मग, अर्धा सांडलेला. तो आजीच्या पायांपाशी थांबला आणि त्याने मग तिच्या नळीवर ओतला. अगदी हळू, आईसारखा.

काकी बोलतच होती.

"आजी, गलम?"

तिने खाली पाहिलं. नळीवरून पाणी ओघळत होतं, स्टुलावरून खाली लादीवर थेंब पडत होते. तिला काहीच कळलेलं नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मी न सांगता हात पुढे करून तिच्या पायाला लावला.

"गार आहे," मी म्हणाले.

"गलम?" पोराने पुन्हा विचारलं.

"बरा हाय, राघो," काकी म्हणाली. "बेस हाय. वत."

तो खूश होऊन दुसरा मग आणायला आत पळाला. काकीने लुगडं थोडं वर खोचलं, दोन्ही पाय एकमेकांजवळ घेतले, पूर्वी पाटावर घ्यायची तसे, आणि दाराकडे बघत बसली.