विकासच्या मेंढ्या

शिरूरच्या स्टँडवर माझा दोस्त विकास शेवटचा भेटला तेव्हा त्याच्या गावची, निमोण्याची गाडी लागलेली होती. तो शिरूरच्या कॉलेजात, मी दौंडला. "दिवाळीत घरी ये, एक गंमत दाखवतो," असं खिडकीतून ओरडून तो गेला. दिवाळीआधीच त्याला ताप आला आणि दवाखान्यातून तो परत आला नाही... मी निमोण्याला गेलो तो थेट दहाव्याला.

गंमत त्याच्या ग्राफिंग कॅल्क्युलेटरमध्ये होती. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं, पडद्यावर आलेख काढणारं. आम्ही दोघंही आपापल्या घरातले कॉलेजात जाणारे पहिलेच. असल्या वस्तूचा उपयोग घरी कुणाला सांगणार? "फोन बी लागंना, गाणी बी न्हाईत, मग हाय कशाला?" असं त्याची आई, म्हणजे काकू, विचारायच्या. म्हणून त्यानं खास तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. त्यांची मेंढरं कधीच विकली गेली होती, पण काकूंच्या बोलण्यात ती अजून चरायची. बटण दाबलं की ठिपक्यांच्या मेंढ्या एकामागून एक पडदा ओलांडतात.

तो गेल्यावर काकू रोज दिवा लावला की फोटोपुढं ते चालू करायच्या. मी पाहिलं तेव्हा सेल उतरत आल्याची खूण दिसत होती. सेल संपले की त्या मेंढ्याही पुसल्या जाणार होत्या. सेल बदलताना आठवण जपणारा एक बारीक सेल आत असतो, पण तो इतका जुना, की त्याचा भरवसा नव्हता. मला हे सांगावं की नाही कळेना. शेवटी सांगितलं. काकूंनी कॅल्क्युलेटर उचलून पदरात घेतलं.

पुढच्या रविवारी खोलीवरच्या मित्राचा लॅपटॉप आणि एक केबल घेऊन गेलो.

"तू तिकडं घेतल्यावर हितलं सरंल ना?"

"नाही काकू, दोन्हीकडं राहतं."

"आसं कसं? कळशी वतली की रिकामी हुतीच की."

मला नीट समजावता आलं नाही. केबल जोडली. कॅल्क्युलेटरची सगळी मेमरी लॅपटॉपवर उतरेपर्यंत काकू केबलला धक्का लागू नये म्हणून चुलीपाशीसुद्धा गेल्या नाहीत. मग लॅपटॉपवर, कॅल्क्युलेटरची नक्कल करणाऱ्या एका प्रोग्राममध्ये, मेंढ्या चालवून दाखवल्या, तर त्या सुसाट पळत सुटल्या. दोन पावलांमध्ये विकासनं घातलेला थांबा म्हणजे एका आकड्यापर्यंतची मोजणी, ती वेगवान यंत्रावर क्षणात संपत होती.

"आरं, कुत्रं मागं लागलंय व्हय ह्यांच्या?" काकू हसल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदाच, असं त्यांच्या जावेनं मला नंतर सांगितलं.

सेल बदलले आणि भीती होती तसंच झालं, कॅल्क्युलेटर कोरं. काकूंचा चेहरा मला बघवेना. घाईनं लॅपटॉपवरून सगळं परत पाठवलं, बटण दाबलं. मेंढ्या आल्या, सावकाश, एकेक करत. शेवटची पार जाईपर्यंत काकू बघत राहिल्या.

"त्याच हायेत," एवढंच म्हणाल्या आणि कॅल्क्युलेटर फोटोपुढं ठेवलं.

दौंडच्या खोलीवर सुट्टीत मी एकटाच असतो. मित्र गावी गेला की त्याच्या लॅपटॉपवर कधी कधी तो प्रोग्राम उघडतो. मेंढ्या इथं अजून पळतातच. त्यांना सावकाश चालवायचं तर एकच आकडा वाढवायचा आहे, मला तेवढं येतं. पण तो आकडा विकासनं टाकलेला आहे... मी कर्सर तिथवर नेतो आणि तसाच ठेवतो.