एकशे बारा वाक्यं

लातूरच्या आडत बाजारात वीरण्णांचा पुकारा ऐकायला माणसं सौद्याच्या आधीच येऊन उभी राहत, असं जुने हमाल अजूनही सांगतात. तुरीच्या ढिगापाशी पाय रोवून, टोपी मागं सारून ते भाव पुकारू लागले की पार शेवटच्या गाळ्यातल्या माणसालाही आकडा लख्ख ऐकू जायचा. छत्तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नाही. घरात मात्र त्यांचं बोलणं बेताचं. जोर बाजारात लावायचा, घरात कशाला, म्हणायचे.

त्यांची धाकटी लेक दामिनी नांदेडला इंजिनिअरिंग शिकली आणि तिथंच पाच माणसांच्या एका ऑफिसात मोबाइलचे ॲप बनवायच्या कामाला लागली. दोन-तीन महिन्यांनी कुठली तरी कंपनी नवा फोन काढायची. ऑफिसचा मालक रुद्रेश सगळ्यांना एका कॉम्प्युटरभोवती गोळा करून तो सोहळा दाखवायचा. तिकडं स्टेजवरचा माणूस फोन वर धरायचा, टाळ्या पडायच्या, आणि इकडं रुद्रेश म्हणायचा, "वाजवा टाळ्या. उद्यापासनं आपलं सगळं परत पहिल्यापासनं." नव्या फोनवर जुनं ॲप चालेलच असा भरवसा त्या दिवसांत नव्हता. तरी दामिनीला ते काम आवडायचं. तिची अव्वा, उमादेवी, शेजारणींना सांगायची, "पोरगी माझी फोनमंदी बटणं बसवती."

दोन हजार बाराच्या मे महिन्यात थोरल्या भावाचा, अमरेशचा, फोन आला.

"अप्पांच्या घशात गाठ निघालीय. सोलापूरचे डॉक्टर म्हणायलेत, आवाजाची पेटीच काढावी लागंल."

"मंग बोलणार कसं?"

"न्हाई बोलणार," अमरेश म्हणाला.

ऑपरेशनला अकरा दिवस होते. दामिनी रजा टाकून लातूरला आली ती डोक्यात एकच गोष्ट घेऊन. अप्पांचा आवाज आत्ताच भरून घ्यायचा. एकेक वाक्य वेगळं ठेवायचं. फोनवर प्रत्येक वाक्याचं बटण करायचं. नंतर त्यांनी नुसतं बटण दाबायचं, आवाज त्यांचाच निघेल.

वीरण्णा आधी भडकले. "मी काय मेलो का, आवाज भरून ठेवायला?"

"अप्पा, मेलेल्यासाठी न्हाई. नंतर अव्वाला पाणी मागायचं झालं तर?"

मग पूजेच्या खोलीच्या दारा-खिडक्यांना गोधड्या लावून दोघं बसली. काय बोलायचं ते उमादेवींनी सांगितलं. चाळीस वर्षं त्या माणसाचं बोलणं त्यांनीच ऐकलेलं. "पाणी दे." "पंखा कमी कर." "उमा, दूध उतू चाललंय." "अमरेश, लक्ष ठेव." "रात झाली, झोपा आता." आल्यागेल्याला करायचा नमस्कार, "शरणु शरणार्थी." मग भाव, आकडे. दामिनीची यादी तीनशे वाक्यांची होती. पाचव्या दिवशी वीरण्णांच्या थुंकीत रक्त आलं आणि अव्वानं गोधड्या काढून टाकल्या. तोवर एकशे बारा वाक्यं झाली होती.

आठवडाभर दामिनी झोपली नाही म्हटलं तरी चालेल. त्या वेळच्या स्वस्त फोनवर मराठी अक्षरं दिसायची नाहीत, नुसते चौकोन उमटायचे. म्हणून तिनं प्रत्येक शब्दाचं चित्र करून बटणावर चिकटवलं. फोनमध्ये जागा नव्हती, म्हणून आवाज मेमरी कार्डावर ठेवले. ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी गळ्याला पट्टी बांधलेल्या वीरण्णांच्या हातात तिनं फोन दिला. त्यांनी बराच वेळ शोधून एक बटण दाबलं.

"उमा, चहा कर."

दवाखान्यात कुठला चहा करणार! उमादेवी हसल्या, आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून बाहेर निघून गेल्या.

दिवाळीनंतर नव्या सोयाबीनची आवक जोरात होती, तेव्हा वीरण्णा बाजारात गेले. दामिनीनं फोनवर नुसत्या आकड्यांच्या बटणांचं वेगळं पान करून दिलं होतं. सोबत छोटा स्पीकर होता. ती स्वतःही गेली. पहिल्या ढिगाला त्यांनी आकडा दाबला, तो निघाला, लोकांनी मान डोलावली. पण बोली चढू लागली तसं त्यांचं बोट मागं पडू लागलं. एक आकडा निघेपर्यंत दुसरे दोन होऊन जायचे. मग एका अडत्यानं हात वर केला. सगळे थांबले. वीरण्णांचं बटण दाबून होईपर्यंत शंभर माणसं तोंड मिटून उभी राहिली. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. सौदा कधी कुणासाठी थांबत नाही, हे वीरण्णांनीच नव्या पोरांना शिकवलेलं. तिसऱ्या ढिगाला त्यांनी स्पीकर बंद केला, सगळ्यांना हात जोडले आणि घरी आले. त्यानंतर त्या बाजारात त्यांनी पाय ठेवला नाही.

पण ॲपचं नाव झालं. रुद्रेशनं ते सगळ्यांना घेता येईल असं ठेवलं आणि दवाखान्यांतून फोन येऊ लागले. ऑपरेशनच्या आधी माणसं नांदेडच्या ऑफिसात यायची, दामिनी त्यांचा आवाज भरून घ्यायची. पावणेदोन वर्षांत आठ जण आले. त्यात कंधारचे मारोती होते, एस.टी.चे कंडक्टर. त्यांची बायको चतुराबाई शेजारी बसून म्हणाली, "बाकीचं ऱ्हाऊ द्या. मला शिव्या देत्यात त्या आधी भरा. त्याबिगर घर घरासारखं लागायचं न्हाई." मारोतींनी लाजत लाजत चार शिव्या भरल्या. त्या दिवशी ऑफिस पोट धरून हसलं.

इकडं घरात अमरेशला मुलगी झाली होती. ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी. नाव ठेवलं अक्षरा. पोरगी चालायला लागली, सगळ्यांच्या हाकेला वळायला लागली. आजोबा हाक मारू शकत नव्हते. तिचं नाव एकशे बारा वाक्यांत कुठून असणार? ते टाळी वाजवायचे, चुटकी वाजवायचे. एकदा दामिनी सुटीला आली असताना त्यांनी बोलण्यासाठी जवळ ठेवलेल्या शाळेच्या पाटीवर लिहिलं, 'अक्षरा. हे बसव.'

दामिनीनं महिनाभर खटपट केली. "अमरेश"मधला अ घेतला. "लक्ष ठेव"मधला क्ष घेतला. "रात झाली"मधला रा घेतला. जोडले, कापले, परत जोडले. कानाला हेडफोन लावून शेकडो वेळा ऐकलं. शेवटी तिला स्वतःला कळेना की हे बरं झालंय की कान मेलेत. पाडव्याला ती लातूरला आली. पोरगी अंगणात खेळत होती. वीरण्णांनी धुतलेली टोपी घातली, पायरीवर बसले आणि बटण दाबलं.

तीन तुकडे तीन आवाजांत निघाले. विहिरीत पडता पडता कुणीतरी बोलावं तसं काहीतरी. आणि त्याला लागूनच, स्वच्छ, गोड, "इकडं ये."

अक्षरा दचकली. आजोबांच्या बंद तोंडाकडं, मग फोनकडं तिनं पाहिलं, आणि किंचाळून आईकडं पळाली. त्या दिवसापासून आजोबा फोन हातात घेताना दिसले तरी ती खोलीतून निघून जायची.

"अप्पा, मी सुधारते. अजून बरं करता यील," दामिनी म्हणाली.

त्यांनी पाटी ओढली. 'नको. पोरगी भ्याली. बास.' फोन त्यांनी कपाटात टाकला. पुढं ते नऊ महिने जगले, पाटी घेऊन. दुखणं मानेत परत आलं तेव्हा पाटीही सुटली. शेवटच्या दिवशी त्यांचे ओठ हलत होते, बराच वेळ, काहीतरी लांबलचक सांगत होते. उमादेवी वाकून बघत राहिल्या. काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही. लिंगायत रीतीनं समाधी देऊन आल्यावर उमादेवींनी लेकीला एवढंच सांगितलं, "ते फोनमधलं माझ्यासमोर लावू नको."

पुढल्या वर्षी रुद्रेशचं ऑफिस बसलं. हैदराबादच्या, पुण्याच्या मोठ्या कंपन्यांपुढं पाच माणसांचं ऑफिस कितीक दिवस तगणार? शेवटच्या दुपारी भंगारवाला कॉम्प्युटर न्यायला आला. दामिनीनं घाईघाईत पेन ड्राइव्ह लावला आणि अप्पांचा आवाज उतरवून घेतला. बाकीच्या आठ जणांचं तिला त्या वेळी सुचलंच नाही. त्यांच्या त्यांच्या फोनमध्ये आहे की, असं मागाहून तिनं मनाला सांगितलं.

दोन हजार सतरात, ती नांदेडच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवत असताना, चतुराबाई दारात उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत मारोतींचा जुना फोन आणि लेकानं घेतलेला नवा.

"ताई, जुना बंद पडला. नव्यावर ॲप उघडंना. तेवढं बघा."

दामिनीनं कार्ड काढून तीन ठिकाणी लावून बघितलं. कार्ड वाचलंच जाईना. आत काही शिल्लक नव्हतं.

"चतुराबाई, कार्ड खराब झालंय."

"मंग परत भरा की आवाज."

"त्यासाठी मारोतीराव पायजेत. आणि आता ऑपरेशन झाल्यावर..."

"ते गेले की. मागल्या पोळ्याला." चतुराबाई खुर्चीच्या कडेवर टेकली. "त्या चार शिव्या तेवढ्या ऐकायच्या होत्या. तुमच्याकडं असंल ना कुठं?"

दामिनीनं सगळं सांगितलं. ऑफिस, भंगारवाला, पेन ड्राइव्ह. काही लपवलं नाही.

चतुराबाईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वडलांचा हाय म्हणा तुमच्याकडं?"

"हाय."

"ऐकता का?"

"न्हाई."

"असून ऐकत न्हाई," चतुराबाई स्वतःशीच म्हणाली. त्यात राग नव्हता. तिनं दोन्ही फोन पिशवीत ठेवले आणि कंधारची गाडी चुकायला नको म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी दामिनी भंगारवाल्याकडं गेली. सलग तीन रविवार गेली. त्यानं गोदाम दाखवलं. कॉम्प्युटरचे रिकामे डबे छतापर्यंत रचलेले होते. आतले पार्ट किलोवर दिल्लीला जातात, म्हणाला, दोन वर्षं झाली की त्याला.

चतुराबाईचा अजून फोन येतो. पोळ्याला एकदा, दिवाळीला एकदा. "काही निघालं का, ताई?" एवढंच विचारते. आणि न्हाई निघत, निघणार न्हाई, हे शब्द दरवेळी दामिनीच्या ओठांवर येऊन थांबतात.

"बघायलेय," ती म्हणते. "अजून बघायलेय."