खिळे ठोकलेली खिडकी

मंडळी, दुपारपासून डोळ्यांसमोर एक बंद खिडकी आहे, म्हणून लिहायला बसलोय.

साताऱ्याहून शिकायला धारवाडला आलो, प्राध्यापकांशी भांडून कॉलेज सोडलं, बोर्डिंगातली जागाही गेली. शहाणा असतो तर घरी परतलो असतो. पण जिच्यावर जीव जडलाय ती इथे आहे. म्हणून आज तिच्या शेजारच्याच घरात खोली बघायला गेलो.

खोली छान होती. फक्त तिच्या अंगणाकडची खिडकी खिळे ठोकून बंद केलेली.

"बिनलग्नाच्या बिऱ्हाडकरूला ही खिडकी उघडी देत नाही," घरमालकीण अक्का म्हणाल्या. "बायको आणा, खिळे मीच उपटते."

माझं डोकं भडकलं. "मी काय चोर आहे?"

"चोर असतास तर दार बंद केलं असतं, तम्मा." अक्कांनी मला कानडीत धाकटा भाऊच करून टाकलं.

तरातरा निघालो, तेवढ्यात खिडकीपलीकडून तिचा आवाज आला. धाकट्या भावाला कानडीत पाढे शिकवत होती. फटीतून तिच्या अंगणातलं ऊन माझ्या पायावर आलं होतं. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि पाढे संपेपर्यंत उठलोच नाही.

खोली घेतली. आता खिडकी उघडायला बायको हवी, आणि जी हवी ती खिडकीपलीकडे. तुम्ही काय केलं असतं?