रानडुकरांच्या जेवणाची वेळ

जपानमध्ये सेंदाईला पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा वाटलं होतं, आपला संबंध रानडुकरांशी येणार. आला तो टायमरशी. शहराबाहेरच्या डोंगरात आमच्या लॅबने तीन पायांवर एक ड्रम उभा केला होता. आत मका, खाली फिरणारी चकती, आणि ती कधी फिरवायची हे ठरवणारी एक टीचभर डबी. रोज ठरल्या वेळी मका पडला तर डुकरं ती वेळ शिकतात का, हा माझा विषय. शिकली, तर खालच्या गावातल्या शेतकऱ्यांना पिंजरे कधी लावायचे ते कळलं असतं. माझा करार मार्चमध्ये संपत होता, आणि तो वाढणं या एका हंगामावर होतं. नाहीतर कावासाकी शहरात नवऱ्याच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसायचं, पदव्या कपाटात ठेवून.

लॅबमधला जुना टायमर बॅटरी बदलली की सगळं विसरायचा. बटणं इतकी बारीक, की हातमोजे काढल्याशिवाय दाबताच येत नसत, आणि काढले की बोटं बधिर. मग मी सौर पट्टीवाला मागवला. तो म्हणे उजेडावरून पहाट ओळखतो. सुगी, म्हणजे जपानी देवदार, त्याच्या उंच, गच्च झाडांखाली भर दुपारी अंधार असतो. त्या शहाण्याला पहाट झाल्याचं कधी पटलंच नाही. तिसऱ्याच्या झाकणातून ओल आत गेली आणि त्याने एका रात्रीत अख्खा ड्रम रिकामा केला.

नवरा सॉफ्टवेअरवाला. फोनवर म्हणाला, "अगं, एवढं काय त्यात? नेटवरून टाइम सिंक होणारा घे. मी ॲप लिहून देतो."

"अरे, तिथे रेंज येत नाही."

"मग आधी रेंजचं बघ ना."

मी फोन ठेवून दिला. आणखी बोलले असते तर भांडणच झालं असतं.

टायमर बंद पडला की सेन्सेईंचा, म्हणजे आमच्या प्राध्यापकांचा, नियम ठरलेला होता: मका चुकता कामा नये, नाहीतर डुकरं जागा सोडतात. त्यामुळे मी गाडी काढून वर जायचे आणि हाताने मका टाकायचे. दुसरा नियम अस्वलांचा. एकट्याने चढताना मोठ्याने बोलत राहायचं, म्हणजे ती लांब राहतात. एकटीने काय बोलणार? मी टायमरला शिव्या घालत चढायचे. मेल्या, मुडद्या, तुझं वाटोळं होवो, तुला बनवणाऱ्याचंही होवो. घरी कधी तोंडातून न निघालेले शब्द त्या डोंगरात खणखणीत निघत. खरं सांगते, फार बरं वाटायचं.

शेवटी शेतीच्या सामानाच्या दुकानात मला हवा तसा टायमर सापडला. हातमोजे घालून फिरवता येईल अशी जाड चकती, रबराची कड असलेलं घट्ट झाकण, बॅटरी काढली तरी वेळ न विसरणारा. दिसायला अगदी गबाळा. थंडी, ओल, बर्फ, कशालाही तो बधला नाही. मला आनंदाने रडू यायचं बाकी होतं.

पण ड्रमसमोर लावलेल्या कॅमेऱ्यात डुकरं दिसेनात. चकती वेळेवर फिरायची, मका पडायचा, आणि समोर नुसती झाडं. मका संपायचा, पण रोज वेगळ्याच वेळी; दुसरं जे जनावर येईल ते खाऊन जायचं. मी आधीचं चित्रण काढून बसले. त्यात आवाजही होता. लांबून माझी बडबड ऐकू येते, कान टवकारून एक मादी झुडपातून बाहेर येते, मागोमाग तिची पिल्लं. मग माझा आवाज जवळ येतो, ती आत सरकतात, मी मका टाकते, आणि मी वळताच सगळी बाहेर. प्रत्येक वेळी हेच. डुकरं शिकली होती. घड्याळ नाही, माझा संताप शिकली होती.

लॅबच्या मीटिंगमध्ये हे दाखवावंच लागलं. सेन्सेईंनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, "यात तुम्ही काय म्हणताय?"

मी म्हटलं, "टायमरची चौकशी करतेय."

कुणी हसलं नाही. सेन्सेई म्हणाले, "मुझुकाशीई देसु ने." शब्दशः अर्थ, कठीण आहे. इथे त्याचा अर्थ होतो, 'नाही'. हा हंगाम धरता येणार नाही, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा करू, असं ते अतिशय सौजन्याने म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात मी नसणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मला इतका राग आला, की कुणावर काढावा तेच कळेना. नियम त्यांचे होते, तोंड माझं होतं.

मार्चमध्ये ड्रम उतरवायला मीच गेले. नटबोल्ट गंजून बसलेले, हलायला तयार नाहीत. सवयीने माझं तोंड सुटलं. सगळं गाडीत भरलं, आत बसून दार लावलं आणि मागे पाहिलं, तर मादी उभी होती, मोठी झालेली पिल्लं घेऊन. मी काच खाली करून सांगितलं, "आज काही नाही. यापुढेही नाही. जा."

माझा आवाज ऐकून ती आणखी दोन पावलं पुढे आली.