पेन्सिलवाल्या बाई

एडिसनहून न्यूयॉर्कला जाताना ट्रेनमध्ये माझ्या शेजारी रोज एक म्हाताऱ्या बाई बसत. रब्बाय, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, व्हायला निघालेल्या मुलांना पेपरात लेख लिहायला त्या शिकवत. लेखात "अमुक गुरू म्हणतात" असं दिसलं, की चष्मा कपाळावर सरकवून पेन्सिलीनं खोडत. एका लेखात शेवटी एकच वाक्य उरलं: "आई गेल्यापासून मला प्रार्थना म्हणता येत नाही."

"होणाऱ्या धर्मगुरूनं हे छापायचं?" मी विचारलं. "नोकरी कोण देईल?"

"एवढंच वाक्य त्याचं आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची वाक्यं ज्या गुरूंची, ते कधीच वारलेत, त्यांना कसली भीती? तुमची आई आहे?"

"नाही, गेली. आमच्याकडे असं म्हणतात की..."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिल उचलली.