दुसरीच्या बोटातलं रक्त

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला रक्तगट तपासायचं प्रॅक्टिकल होतं, आणि मी स्वतःचं बोट पुढं केलंच नाही. सुईची भीती. शेजारी उभी असलेली माझी मैत्रीण धीट होती. तिनं आपलं बोट टोचलं, आपल्या काचपट्टीवर थेंब टाकले आणि त्याच बोटातून माझ्याही काचपट्टीवर टाकले. तिचा ओ आला, म्हणून माझाही ओ. आमच्या वेळी रीडिंग छापणं हे पापात धरतच नव्हते. बेडकाच्या हृदयाचे ठोके एक पोरगी मोजायची आणि आख्खी बॅच जर्नलात उतरवायची. पण ठोके बेडकाचे होते आणि रक्त माझं असायला हवं होतं, एवढं माझ्यासारख्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही.

बरं, छापलं ते छापलं, तेवढ्यावर सोडून तरी द्यावं! पण ओ गटाचं रक्त कुणालाही चालतं हे कळल्यावर मी अशी फुगले, की ते दुसरीच्या बोटातलं आहे हेच विसरून गेले. लग्न होऊन नळदुर्गला आले तेव्हा सासूबाईंना ऐटीत सांगितलं, "माझं रक्त कुणालाही चालतं." त्या म्हणाल्या, "रक्त चालतंय ग बाई, भाकरी थापता येतीय का?" येत नव्हती.

दवाखान्याची पायरी मला फारशी चढावीच लागली नाही. एकच बाळंतपण, तेही माहेरी सोनारीला, सुईणीच्या हातून. भूकंप झाला तेव्हा सास्तूरकडच्या जखमींसाठी रक्त द्यायला गेले होते, तर वजन भरत नाही म्हणून दारातूनच परत पाठवलं. तिथंही मी सांगून आले, "ओ होता हो माझा!" म्हणजे अर्धवट शहाणपण सोडायला मी तयारच नव्हते.

आता माझी नात धाराशिवला बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. तिची पुस्तकं उघडली की मला गरगरतं. आम्ही बेडूक फाडला आणि झुरळाची आकृती काढली की शास्त्रज्ञ झालो. ही पोरं पेशीच्या आत शिरून कुठला गुण आजीकडून आला आणि कुठला आजोबांकडून, हे शोधत बसतात. गेल्या वर्षी तिला प्रकल्प होता. आपल्याच घरातल्या रक्तगटांचा वंशावळीचा तक्ता करायचा आणि वर्गापुढं समजावून सांगायचा.

एका रविवारी दुपारी तिनं स्वयंपाकघरात मोठा कागद पसरला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. तिनं आजोबांच्या चौकोनावर रेघ ओढली तशी मी म्हणाले, "हळू ओढ ग, लागंल त्यांना." त्यांचा गट बी, सोलापूरला ऑपरेशन झालं तेव्हा कळलेला. माझा मुलगा दरसाल रक्त देतो, त्याचा एबी. तो तिथंच जेवायला बसला होता. सून भाकरी करत होती. नातीनं माझ्या गोलात ओ लिहिलं आणि पेन्सिल चावत बसून राहिली.

"आजी, तुझा ओ नक्की का?"

"नक्की म्हणजे? माझ्या हातानं तपासलाय मी, कॉलेजात."

"मग कायतरी चुकतंय. ओ आईला एबी मूल होतच नाही. बाप कुठल्याही गटाचा असू दे." तिनं कागदावर दोनदा मांडून बघितलं. "या तक्त्यानं बघितलं तर पप्पा तुझे नाहीतच."

पोरीच्या मनात काही नव्हतं. गणित चुकल्यावर बोलावं तसं ती बोलली. पण तव्यावरची भाकरी करपली तरी सुनेनं उलटली नाही, आणि मुलाचा घास हातातच राहिला.

त्याला कारण होतं. लग्नानंतर बरीच वर्षं माझी कूस उजवली नव्हती. मग एकदाचे दिवस राहिले आणि माहेरी गेले. धाकटी बहीणही तेव्हाच बाळंतपणाला आली होती. तिचं बाळ गेलं, माझं जगलं. मी लेकरू घेऊन नळदुर्गला परतले आणि गल्लीतल्या बायकांनी ठरवून टाकलं, की गेलं ते हिचंच आणि हिनं बहिणीचं उचलून आणलं. ही कुजबुज मुलाच्या कानावर लहानपणीच गेली होती, हे मला माहीत होतं. त्यानं मात्र कधी विचारलं नव्हतं. आता बहीण नाही, सुईणही नाही. माझ्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नाही.

"आई," तो म्हणाला, "खरं सांग. मी मावशीचा का?"

ज्याच्यासाठी मी रात्रभर दाताखाली पदर धरून कळा सोसल्या, तोच पोरगा विचारतोय! आणि अशा वेळी माझ्या तोंडातून काय निघावं? लहानपणी तो हट्टाला पेटला की मी म्हणायची, "तुला बोहारणीकडून घेतलाय, जुन्या साड्यांवर." सगळ्याच आया म्हणतात. घाबरल्यावर माझी जीभ तिच्या जुन्या सवयीला गेली.

"मावशीचा कशाचा? बोहारणीकडून घेतला तुला. चांगल्या दोन साड्या गेल्या माझ्या!"

वर हसलेसुद्धा. एकटीच. त्यानं ताटात हात धुतला आणि उठून गेला.

त्या दिवसापासून तो घरी जेवेना. हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे, शेजारीच धाबा. "गिऱ्हाईक लई हाय," असा निरोप यायचा. माझ्याशी बोलणं म्हणजे व्हय आणि न्हाय. सून बिचारी म्हणाली, "आत्याबाई, तुमी एकदा नीट सांगा की त्यांना." काय सांगू? मीच जन्म दिला म्हणून शपथ घेऊ? ती मी घेतली, तर तो म्हणाला, "व्हय."

नातीनं मात्र पुस्तकात डोकं घालून वेगळीच वाट काढली. "आजी, तू बॉम्बे गटाची असशील! तपासल्यावर ओ दिसतो, पण आत ए लपलेला असतो. लई दुर्मिळ असतात अशी माणसं. मॅडम म्हणाल्या, घेऊन ये आजीला."

"जन्म सोनारीचा, संसार नळदुर्गचा, आणि रक्त मुंबईचं?" मी म्हणाले. पण मनातून सुखावले. घरात पोरगा अन्न सोडून बसलाय आणि म्हातारी आपण दुर्मिळ निघणार म्हणून साडीला इस्त्री करतीय. विशीतली गाढवीण सत्तरीतही जित्ती होती.

एसटीनं धाराशिव गाठलं. प्रयोगशाळेत तोच फॉर्मलिनचा वास, तीच बरण्यांतली सापाची पिल्लं. पांढऱ्या एप्रनातली पोरंपोरी माझ्याभोवती गोळा झाली. मॅडम माझ्या मुलाहून लहान. त्यांनी माझं बोट स्पिरिटनं पुसलं आणि सुईचं टोपण काढलं. मी हात झटकन मागं ओढला.

"आजी, मुंगी चावल्यासारखं होईल फक्त," मॅडम म्हणाल्या. "कॉलेजात केलंय ना तुम्ही?"

केलंय? मी माझ्या बोटाकडं बघत राहिले. आणि मला माझं बोट आठवेचना. आठवलं ते मैत्रिणीचं, गोरं, नखाला मेंदी लावलेलं, आणि त्यावरचा टपोरा थेंब. माझा हात तेव्हा पाठीमागं, एप्रनाच्या गाठीत लपवलेला.

"मॅडम," मी म्हणाले, "हे बोट जन्मात टोचलेलं नाही."

मग जे होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. मागच्या बाकावरून एकजण फिसकन हसला. नात अशी बघत होती, जसं काही मी कुणाच्या घरी चोरी करून आले.

"आजी, तू रीडिंग छापलंस?"

"सगळ्याच छापायच्या ग."

"पण स्वतःच्या रक्ताचं?"

मॅडमनी बोट टोचलं. खरंच मुंगीएवढंच. एवढ्यासाठी मी आयुष्यभर दुसरीचं रक्त मिरवलं! एका थेंबात ए ओळखायचं निळं सीरम पडलं, दुसऱ्यात बी ओळखायचं पिवळं. त्यांनी काडीनं ढवळून काचपट्टी हलवली. पिवळ्यातलं रक्त एकसारखं राहिलं. निळ्यातलं बघता बघता नासलेल्या दुधासारखं फुटलं, गुठळ्या गुठळ्या झाल्या.

"ए," मॅडम म्हणाल्या. "साधा ए, आजी. बॉम्बे वगैरे काही नाही."

नातीचा चेहरा पडला. दुर्मिळ आजी हातची गेली. मग तिनं कागद ओढला, गोलातला ओ खोडला आणि ए लिहिलं. आजोबा बी. दोन्ही मिळून पोरगा एबी. ती माझ्याकडं बघून इतक्या जोरात "बसलं!" म्हणून ओरडली, की मला तिथंच रडू फुटलं.

परत आल्यावर घरी गेलेच नाही. स्टँडवरून तडक दुकान गाठलं. एका ट्रकचं चाक काढून ठेवलेलं, मुलगा हवेच्या मशीनपाशी उभा. कापूस चिकटवलेलं बोट त्याच्यापुढं धरून मी त्या मशीनच्या धडधडीत ओरडून सगळं सांगितलं. मैत्रीण, काचपट्टी, भित्रेपणा, ए. ट्रकवाल्यानंही ऐकलं. मुलानं मशीन बंद केलं. काळे झालेले हात त्यानं फडक्याला पुसले. मला वाटलं, आता हसेल, नाहीतर रागावेल.

तो म्हणाला, "खरं सांगू का आई, मावशीचा निघालो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटाय लागलं होतं. दुसरीचं लेकरू असून तू एवढ्या मायेनं वाढवलंस, असं तरी म्हणता आलं असतं. पोटच्याला काय, कुणीबी वाढवतंय."